एल्डनची टोपी आणि लव्हॉनचा खांदा

लव्हॉनने नेमबाजीच्या क्लबच्या बाथरूममध्ये मला नेलं, दाराला कडी लावली आणि ब्लाउज खाली ओढून उजवा खांदा दाखवला. माझ्या तोंडून जो पहिला शब्द निघाला तो इथे लिहिण्यासारखा नाही. दुसरा होता, "कुठल्या गायीने लाथ मारली?"

"गाय नाही. एल्डन," ती म्हणाली.

एल्डन म्हणजे तिचा नवरा आणि माझा थोरला भाऊ. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती, त्यामुळे आळ त्याच्यावर घालणं जरा अवघड होतं. पण त्याची बंदूक होती. बारा बोअरची, एकनळी, आमच्या बापाची. लव्हॉन दर रविवारी ती घेऊन उभी राहायची आणि यंत्राने हवेत फेकलेल्या मातीच्या पंचवीस तबकड्यांवर पंचवीस बार टाकायची. वय एकोणसत्तर, उंची पाच फूट एक इंच. खांदा म्हणाल तर वांग्याच्या रंगाचा, कडेला हिरवा, त्याच्या कडेला पिवळा.

"हा खांदा नाहीच मुळी," मी म्हटलं, "हा दंड आहे. बंदूक खांद्याच्या खोबणीत बसायला हवी, बाई. तू ती दंडावर लावतेस."

"ती बसते तिथे लावते. लांब आहे ती."

"मग कापू या की दस्ता."

"एल्डनच्या बंदुकीला करवत लावलीस तर तुझा हात कापीन."

तर हे असं होतं. मी आर्लिस. क्लबच्या मागच्या शेडमध्ये गेली एकतीस वर्षं बंदुकीचे दस्ते माणसाच्या मापाचे करून देते. शिंपी कपड्यांचं करतो तेच मी लाकडाचं करते. नेब्रास्काच्या या कोपऱ्यातले निम्मे पुरुष माझ्याकडे गाल सुजवून येतात आणि म्हणतात, "बंदूक फार लाथ मारते." बंदूक लाथ मारत नाही. खांद्याला घट्ट भिडलेली असली तर ती नुसती ढकलते. मध्ये बोटभर फट राहिली, की ती धावत येऊन आदळते. हे मी एकतीस वर्षं सांगतेय, आणि एकतीस वर्षं लोक आधी काडतुसांना शिव्या घालतात, मग दुकानदाराला, मग बायकोला.

"डॉक्टर काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, हाड झिजलंय. बंदूक तरी ठेवा नाहीतर हात तरी. मी म्हटलं, जानेवारीतला हॅमचा सामना होऊ दे. मग बंद." हॅमच्या सामन्यात जिंकेल त्याला खारवलेली डुकराची मांडी मिळते.

"अन् तोपर्यंत पंचवीसच्या पंचवीस फुटल्या नाहीत तर?"

ब्लाउज वर ओढून तिने बटणं लावली. डावा हात वापरून लावली, हे मी बघितलं, आणि मला भडभडून आलं.

आता टोपीचं सांगायला हवं. आमच्याकडे कुणी आयुष्यात पहिल्यांदा पंचवीसच्या पंचवीस तबकड्या फोडल्या, की बाकीचे त्याच्या डोक्यावरची टोपी हिसकावून घेतात, हवेत उडवतात आणि बार टाकून तिच्या चिंध्या करतात. मग ती चिंधी क्लबच्या भिंतीवर लागते, खाली नाव. त्या भिंतीवर साठ-सत्तर चिंध्या आहेत. त्यात शाळेच्या बसचा ड्रायव्हर आहे, दोन पाद्री आहेत, एक आंधळा होत चाललेला दातांचा डॉक्टर आहे. माझीही आहे. एल्डनची नाही. ज्या माणसाने हा क्लब उभारला, तबकड्या फेकायच्या यंत्राचं घर स्वतः काँक्रीट ओतून बांधलं, त्याने एक्केचाळीस वर्षं बार टाकले आणि त्याची टोपी शेवटपर्यंत धड राहिली. त्याचा सगळ्यात मोठा आकडा चोवीस.

आणि त्या चोवीसला कारण मी.

एकोणीस वर्षांपूर्वीची ऑगस्टची दुपार. एल्डनच्या चोवीस फुटल्या होत्या. गुण लिहायला मागे उंच खुर्चीवर मी बसले होते. पंचविसावी तबकडी सुटली, त्याने बार टाकला, आणि तबकडीतून बारीक धूळ उडाली. नुसती धूळ. तबकडी तशीच पुढे जाऊन गवतात पडली. नियम साधा आहे: डोळ्याला दिसेल असा तुकडा उडाला तर फुटली, धुळीला काही किंमत नाही. मी ओरडले, "गेली!" म्हणजे हुकली.

एल्डनने मागे वळून माझ्याकडे असं बघितलं, की आईच्या अंत्यविधीतसुद्धा त्याने असं बघितलं नव्हतं. मग अकरा महिने माझ्याशी बोलला नाही. एकाच टेबलावर जेवायला बसायचा आणि म्हणायचा, "लव्हॉन, तुझ्या नणंदेला सांग, बटाटे इकडे सरकव." पुढे बोलायला लागला, पण त्या बंदुकीला मला हात लावू दिला नाही तो नाहीच. शेवटी हॉस्पिटलात पाद्री त्याचा हात धरून प्रार्थना म्हणत होता, तेव्हा एल्डनने डोळे उघडले आणि म्हणाला, "ती फुटली होती." पाद्री बिचारा विचारतोय, काय फुटलं, एल्डन, काय फुटलं? तेवढ्यात आमचा राजा गेला.

त्या ऑगस्टच्या दुपारी ऊन माझ्या डोळ्यावर होतं. हे मी कुणाला कधी बोलले नाही. पण रात्री-अपरात्री नव्हे, भर दिवसा भांडी घासताना मला वाटायचं, असेल का एखादा तुकडा? नखाएवढा? भावाच्या तोंडचा घास मीच हिरावला का?

लव्हॉनला बंदुकीचा गंध नव्हता. तो गेल्यावर तिने ती कपाटातून काढली, त्याची धान्यगोदामाची फुकट मिळालेली हिरवी टोपी डोक्यावर चढवली आणि क्लबात येऊन उभी राहिली. टोपी इतकी मोठी की आत वर्तमानपत्र कोंबावं लागायचं. नियम आहे, डोक्यावर जी टोपी असेल ती उडवायची. म्हणजे तिने पंचवीस केल्या की एल्डनची टोपी भिंतीवर. तीन वर्षांत ती शून्यापासून बावीसपर्यंत आली होती, एवढा खांदा फोडून घेऊन. आणि आता डॉक्टरने दार लावायला घेतलं होतं.

"कापत नाही," बाथरूमची कडी काढत मी तिला म्हटलं. "नुसती बघू तर दे. शेडमध्ये ये. स्टोव्ह पेटवलाय, कॉफी आहे."

नवीन वर्ष लागून तीन दिवस झाले होते, बाहेर गुडघाभर बर्फ. ती आली. बंदूक तिने कुशीत लेकरू धरावं तशी धरली होती. मी म्हटलं, रिकामी आहे ना बघ, आणि लाव खांद्याला, माझ्या नाकाकडे नेम धर. ती हसली. "कधीपासूनची इच्छा आहे."

तिने बंदूक उचलली. दस्त्याचं टोक काखेत अडकलं, मग दंडावर सरकलं. मान पुढे ताणून ती कासवासारखी बघत होती. गाल लाकडाला टेकतच नव्हता. अशा अवस्थेत बार उडाला की दस्ता वर उसळून गालाचं हाड फोडणार, आणि त्या भीतीने माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटणार. तिने मिटले. रिकाम्या बंदुकीवर मिटले!

"हे असं बावीस फोडतेस तू?" मी म्हटलं. "तुला मेडल द्यायला हवं. किंवा वेड्यांच्या हॉस्पिटलात टाकायला हवं."

"टोमणे पुरे. माप घे."

दस्त्याच्या मागच्या टोकावर एल्डनने एक कातडी पिशवी चढवलेली होती, दोरीने करकचून बांधलेली, वरून काळ्या चिकटपट्टीचे वेढे. वर्षानुवर्षं आम्ही ती तशीच बघत आलो होतो. मी म्हटलं, माप घ्यायचं तर ही पिशवी काढावी लागेल. लव्हॉनने मान डोलावली. मी चाकूने चिकटपट्टी कापली, दोरी सोडली, पिशवी ओढली.

आत आमच्या बापाचा दस्ता संपत होता, आणि पुढे एल्डन सुरू होत होता. एल्डन सहा फूट चार इंच, बाप पाच फूट सहा. बापाची बंदूक लेकाला आखूड पडत होती. माझ्याकडे आला असता तर दुपारभराचं काम. पण हा पठ्ठ्या बहिणीकडे कसा येणार? त्याने कोंबड्यांच्या खुराड्याची प्लायवूडची फळी कापून तीन तुकडे एकावर एक ठोकले होते. खिळ्यांनी. एका तुकड्यावर कोंबडीची शिट तशीच वाळलेली. आणि सगळ्यात मागे, दणका कमी व्हावा म्हणून, घड्या घालून कोंबलेला जाड हिरवा गालिचा. दबून दबून त्याचा पापड झाला होता, त्यामुळे सगळा डोलारा खुळखुळ हलत होता. प्रत्येक बारासरशी आधी लाकूड मागे यायचं, मग खिळे, मग उरलंसुरलं लव्हॉनच्या दंडात.

मला हसू आवरेना. म्हटलं, "हा तुझा पवित्र दस्ता. खुराडं आहे, खुराडं!"

लव्हॉन हसत नव्हती. तिने तो गालिच्याचा तुकडा उचलला, उलटा केला, स्टोव्हच्या उजेडात धरला.

"हा माझा बैठकीचा गालिचा आहे," ती हळू म्हणाली.

"काय?"

"नवा होता. सोफ्याच्या मागचा कोपरा गायब झाला. मी विचारलं, तर एल्डन म्हणाला, डचेसने खाल्ला."

डचेस त्यांची कुत्री. गरीब जनावर, माशी बसली तरी उठायची नाही.

"मी तिला तीन हिवाळे गोठ्यात झोपवलं, आर्लिस. तीन! ती दाराशी येऊन बघत राहायची. आणि हा माणूस सोफ्यावर बसून म्हणायचा, जनावराला शिस्त लागली पाहिजे!"

मी तुकड्याच्या कडा बघितल्या. चारही बाजू सरळ. "पट्टी लावून खाल्लान्‌ वाटतं तिने," मी म्हटलं.

मग ती जी सुटली! एकोणसत्तर वर्षांची चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई, पण एल्डनचे चाळीस वर्षांचे पाढे तिने अशा भाषेत वाचले की स्टोव्ह थंड पडावा. शेवटी ती धापा टाकत स्टुलावर बसली, डोळे पुसले, आणि मला कळेना ती रडते की हसते. दोन्ही असावं.

"काप," ती म्हणाली.

"खरंच?"

"खुराडं काढ, गालिचा जाळ, आणि माझ्या मापाचं कर. एल्डनची बंदूक म्हणे!"

दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. प्लायवूड गेलं. बापाच्या लाकडातून आणखी बोटभर कापलं आणि त्या जागी मऊ रबराची गादी बसवली. खालचं टोक तासून बाहेर वळवलं, कारण बायकांना तिथे छाती असते. आमच्या बापाला तिथे तंबाखूच्या पुडीशिवाय काही नव्हतं. गाल टेकायच्या कडेवर कातड्याचे दोन थर चिकटवले, म्हणजे मान ताणावी लागू नये. काडतुसं हलकी दिली, कमी छऱ्यांची. क्लबचा अध्यक्ष गेलॉर्ड डोकावून म्हणाला, "असल्या काडतुसांनी तबकडी फुटते होय? पुरुष माणसं भरगच्च वापरतात." मी म्हटलं, "पुरुष माणसं माझ्याकडे गाल सुजवून येतात, गेलॉर्ड. तू मागच्या मार्चमध्ये आला होतास."

बाहेर बर्फ, म्हणून सराव घरातच. रोज वीसदा रिकामी बंदूक खांद्याला, आरशासमोर. बंदूक गालाकडे आणायची, गाल बंदुकीकडे न्यायचा नाही. दहाव्या दिवशी तिने डोळे मिटून उचलली आणि उघडले तर नेम सरळ माझ्या कपाळावर. "बसली," ती म्हणाली. बसली होती. अंगावर बेतलेल्या ब्लाउजसारखी.

हॅमच्या सामन्याचा रविवार उजाडला. थंडी अशी की नाकातले केस कडक व्हावेत. लव्हॉन एल्डनची टोपी घालून आली. सरावाच्या फेरीत तिने पहिली तबकडी सोडली, दुसरी सोडली, तिसरीला दस्ता तिच्या हनुवटीवर आदळला.

"पुन्हा लांब झाली!" ती माझ्यावर ओरडली. "काय केलंस काय तू?"

मी बघितलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. एकतीस वर्षांचा अनुभव म्हणे! मी तिचं माप पेटत्या स्टोव्हशेजारी घेतलं होतं, पातळ ब्लाउजवर. ती आता एल्डनचा गोधडीएवढा कोट घालून उभी होती. कोटाची जाडी म्हणजे दस्त्याची लांबी, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. उन्हाळ्यात माप घेऊन हिवाळ्यात बोंब मारणाऱ्या गिऱ्हाइकांना मी जन्मभर हसत आले आणि स्वतः तेच केलं.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "कोटाचं लक्षातच आलं नाही. पुढच्या रविवारी..."

"पुढचा रविवार नाही. डॉक्टरने आजचाच दिलाय."

आणि तिने कोट काढला. स्वेटर काढला. फुलाफुलांच्या चर्चच्या ब्लाउजवर, उणे अकरा अंशात, डोक्यावर ती कानापर्यंत आलेली टोपी. गेलॉर्ड म्हणाला, "बाई, मराल!" ती म्हणाली, "मग हॅम तुला मिळेल. सरक."

गुण लिहायला गेलॉर्डने माझंच नाव लावलं होतं. मी नको नको म्हणत होते. लव्हॉनच म्हणाली, "तूच बस."

एक गेली नाही. पाच. दहा. आधी चाप ओढताना तिचं सगळं अंग आकसायचं. आता बार उडायचा, खांदा जरासा मागे जायचा आणि परत यायचा, रेड्याने शिंग मारल्यासारखा नव्हे, शेजारणीने कोपर लावल्यासारखा. पंधरा. वीस. हात लाल पडले होते, ओठ निळे, पण डोळे उघडे. चोवीस. मी पेन्सिल इतकी दाबून धरली होती की तिचं टोक मोडलं.

पंचविसावी उजवीकडे सुटली. बार. आणि तबकडीतून धूळ उडाली.

नुसती धूळ. या वेळी ऊन नव्हतं, ढगाळ होतं, आणि मला स्वच्छ दिसलं. तबकडी बर्फात जाऊन पडली. सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. फुटली, म्हण, आर्लिस. कोण विचारतंय? एक शब्द. भाऊ भिंतीवर जाईल. मी नुसतं तबकडी पडली त्या बर्फाकडे बघत राहिले.

लव्हॉनने बंदूक उघडली, रिकामं काडतूस काढलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "धूळ होती. लिही. गेली."

मी लिहिलं. मोडक्या टोकाने, कागद उकरत.

मग ती माझ्या खुर्चीपाशी आली. मी तिच्यावर माझा कोट टाकला. ती कुडकुडत, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "त्याचीही धूळच होती."

"काय?"

"एल्डनची. मी तुझ्या खुर्चीमागे उभी होते. मी बघितलं होतं. धूळ होती, आर्लिस. तू बरोबर होतीस."

एकोणीस वर्षं! "मग त्याला सांगितलं का नाहीस?" मी जवळजवळ किंचाळलेच. "अकरा महिने मी बटाटे सरकवले!"

"त्याला सांगितलं असतं तर त्याने स्वतःवर राग काढला असता. बंदूक विकली असती, कोपऱ्यात बसून राहिला असता. तुझ्यावर राग धरून तो दर रविवारी येत राहिला." तिने नाक पुसलं. "तू झेलशील हे मला माहीत होतं. पण तुला तरी सांगायला हवं होतं. तेवढं माझं चुकलं."

मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. मग मी तिला मिठी मारली, आणि तेव्हा लक्षात आलं की मी तिच्या उजव्या खांद्यावर सगळं अंग टाकलंय.

"खांदा!" मी मागे सरले.

"कुठला खांदा?" ती म्हणाली. मग थांबली. हात वर केला, खाली केला, गोल फिरवला. "अगं, दुखत नाहीये."

डॉक्टरचं मी काही सांगत नाही, ते ती दोघं बघून घेतील. त्याने तो खांदा पुन्हा बघितला आणि विचारलं, काय औषध लावलं? ती म्हणाली, करवत. दर रविवारी ती येत राहिली, कोट न घालता, शेवटी मी तिला कोटाच्या दिवसांसाठी पातळ गादी करून दिली तेव्हा कुठे कोट घातला. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी तिच्या पंचवीस झाल्या. शेवटच्या तबकडीचे एवढे तुकडे झाले की आंधळ्या दातांच्या डॉक्टरलाही दिसले.

गेलॉर्डने टोपी हिसकावली, आतलं वर्तमानपत्र काढलं. सगळे बंदुका भरायला लागले. लव्हॉन म्हणाली, "थांबा. पहिला बार आर्लिसचा." आणि तिने आपली बंदूक माझ्या हातात दिली.

टोपी वर गेली. बंदूक मला दोन इंच आखूड, डोळ्यात पाणी, मी चाप ओढला. आणि हिरव्या टोपीतून चाळीस वर्षांची धान्याची धूळ भसकन उडाली. नुसती धूळ. टोपी धड खाली आली.

"गेली!" अख्खा क्लब एका सुरात ओरडला. सगळ्यात मोठा आवाज लव्हॉनचा होता.

ती टोपी भिंतीवर अजून तशीच आहे, चिंध्यांच्या मधोमध एकटी धड. लव्हॉनने दुसऱ्या कुणाला बार टाकूच दिला नाही. म्हणाली, त्याला असंच आवडलं असतं, मरेपर्यंत तुझ्याशी वाद घालायला काहीतरी हवंच होतं त्याला.